इलियड वाचायचे म्हणून
(स्नेहमेळाव्यातील भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘निवृत्तीनंतरचा माझा छंद’. माझ्या आधी बोललेल्यांनी सेंद्रिय शेती सांगितली, हिमालयातले ट्रेक सांगितले, एकाने तर सॅक्सोफोन वाजवून दाखवला. माझा छंद दाखवण्यासारखा नाही. मी इंग्रजी शब्द पाठ करते. तेही साधे नाहीत, चिलखताच्या भागांची नावे, गडाच्या दरवाजांची नावे, रागाचे प्रकार. नोकरीत चौतीस वर्षे जमाखर्च लिहिला. त्यात ‘ग्रँट’, ‘अॅडव्हान्स’, ‘रिकव्हरी’ एवढ्या इंग्रजीवर भागले. आता ‘हॉबर्क’ आणि ‘ग्रीव्ह्ज’ कशाला, असे घरच्यांनीही विचारले.

कारण साधे आहे. भाची इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. झाली आणि लग्न होऊन जाताना तिची पुस्तके माझ्या कपाटात ठेवून गेली. त्यात होमरचे ‘इलियड’ होते, ई. व्ही. र्‍यू यांचे गद्य भाषांतर, १९५० सालचे. पुढे कळले की याच र्‍यूंच्या ‘ओडिसी’ने १९४६ मध्ये पेंग्विन क्लासिक्स ही सगळी मालिका सुरू झाली. साधे, बोलके इंग्रजी. माझ्यासारख्या पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेल्या बाईलाही ते झेपले. पण पहिल्या वीस पानांतच लक्षात आले की गोष्ट कळते आहे, वस्तू दिसत नाहीत. कोणीतरी काहीतरी अंगात घालतो, कोणीतरी काहीतरी उगारतो, आणि कोणीतरी मरतो. लढाईच्या गोष्टीत हत्यार दिसले नाही तर उरते काय?

म्हणून वही केली. शाळेत आपल्याला इंग्रजीच्या सरांनी लावलेली सवय. पानाला उभी घडी घालायची, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि खाली स्वतःचे एक वाक्य. वाक्य नसेल तर सर शब्द मोजायचे नाहीत. आज पुढच्या रांगेत सर बसले आहेत म्हणून सांगते, सर, वाक्ये अजून लिहिते.

आता तुमच्यापैकी अनेकांनी मुलांसाठी ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ विकत घेतले असेल. नॉर्मन लुईस यांचे पुस्तक, १९४९ चे, आणि चांगले आहे. लॅटिन-ग्रीक धातू पकडून शब्द उलगडायला शिकवते. स्पर्धा परीक्षा, वर्तमानपत्राचा अग्रलेख, मुलाखत, यांसाठी त्याचा उपयोग होतो. वीरकाव्याला मात्र होत नाही. तिथले शब्द विचारांचे नसून वस्तूंचे आणि हालचालींचे असतात. त्यांना धातू सांगून उपयोग नसतो, ते डोळ्यांसमोर उभे करावे लागतात.

आणि इथे मला एक गंमत सापडली. हे शब्द इंग्रजीतून इंग्रजीत शोधले की अवघड वाटतात. मराठीत आणले की घरचे निघतात. ‘क्विव्हर’ म्हणजे भाता. ‘स्कॅबर्ड’ म्हणजे म्यान. ‘हिल्ट’ म्हणजे मूठ. ‘ब्रॅन्डिश’ या शब्दाला इंग्रजी कोशात दीड ओळ खर्ची पडते, आपल्याकडे एकच क्रियापद आहे : परजणे. तलवार परजली, संपले. ‘रॅम्पार्ट’ तट, ‘बॅस्टिअन’ बुरूज, ‘मोट’ खंदक, ‘पोस्टर्न’ चोरदिंडी, ‘व्हॅनगार्ड’ बिनीची तुकडी, ‘राउट’ दाणादाण. आठवीच्या सहलीत गडावर जे पाहिले ते सगळे या पुस्तकांत आहे. मराठी माध्यमात शिकलो म्हणून इंग्रजी कच्चे राहिले, ही आपल्या पिढीची जुनी कुरकुर. इथे मात्र मराठी माध्यमच कामाला आले. बखरी आणि पोवाडे ज्याच्या कानावरून गेले आहेत त्याला होमरच्या रणांगणावर फारसे परके वाटत नाही. शब्दाची फक्त इंग्रजी बाजू पाठ करायची असते.

सगळे इतके सरळ जुळत नाही, हेही खरे. ‘ग्रीव्ह्ज’ म्हणजे गुडघ्याखालच्या नडगीवर बांधायचे धातूचे कवच. त्याला रोजच्या मराठीत शब्द मला मिळाला नाही, मी वहीत ‘नडगीचे कवच’ लिहून ठेवले. क्रिकेटचे पॅड डोळ्यांसमोर आणा, तेच. होमर ग्रीक सैन्याला वारंवार ‘चांगली ग्रीव्ह्ज घातलेले’ असे म्हणतो. म्हणजे पुस्तकभर तो शब्द भेटत राहतो आणि एकदा चित्र बसले की विसरता येत नाही. ‘हेकाटूम’ म्हणजे शंभर बैलांचा बळी. ‘लायबेशन’ म्हणजे देवाच्या नावाने जमिनीवर मद्य ओतणे, अर्घ्याच्या जवळपासचे.

अवघड शब्दांपेक्षा सोपे शब्द जास्त फसवे असतात. ‘होस्ट’ म्हणजे यजमान हे आपल्याला माहीत असते, आणि इलियडमध्ये होस्ट म्हणजे फौज. ‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे. मका अमेरिकेतून आला, होमरनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. तिथे कॉर्न म्हणजे धान्य. जुन्या भाषांतरांत ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न असू शकते, ‘फेल’ हे पडण्याचे भूतकाळी रूप नसून ‘क्रूर’ असे विशेषण असू शकते, ‘जेंटल’ माणूस मवाळ नसून कुलीन असतो, आणि ‘लेट’ म्हणजे परवानगी देणे नसून चक्क अडवणे. माहीत असलेला शब्द आपण कोशात बघतच नाही, त्यामुळे वाक्य गुपचूप उलटे होते. माझ्या वहीत अशा शब्दांसाठी लाल शाईचे वेगळे पान आहे.

र्‍यू संपल्यावर पद्याकडे वळले. आधी रिचमंड लॅटिमोर, १९५१, ओळीला ओळ धरून जाणारे. मग धीर करून अलेक्झांडर पोप, १७१५ ते १७२० या काळात छापलेले, यमकांच्या जोड्यांत. पोपकडे आल्यावर वेगळीच अडचण. तिथे घोड्याला ‘स्टीड’, शत्रूला ‘फो’, रागाला ‘आयर’. कोशात तिन्हींना साधेच अर्थ : घोडा, शत्रू, राग. पण मग कवीने साधा शब्द का नाही वापरला? थोडा विचार केल्यावर वाटले, अहो, आपणही टांग्याला घोडा जोडतो, पण कवितेत ‘वारू’ चौखूर उधळतो. शेजाऱ्याशी भांडण होते, पण पोवाड्यात ‘वैरी’ असतो. तेव्हापासून वहीत अर्थाबरोबर इयत्ताही लिहिते. घोडा नाही, वारू.

रागाचे तर एक पान भरले. इलियड या ग्रीक काव्याचा पहिलाच शब्द ‘मेनिस’ आहे. इंग्रजीत त्याला बहुतेक जण ‘राथ’ म्हणतात, काही नुसते ‘अँगर’, काही ‘रेज’. अभ्यासक सांगतात की होमर हा शब्द मुख्यतः देवांच्या रागासाठी वापरतो, आणि माणसांत अकिलीजच्या. मी मराठीत शोधत बसले. राग कोणालाही येतो. संताप होतो आणि ओसरतो. क्रोध जरा पुस्तकी. आणि मग आपला अगदी घरगुती शब्द आठवला : कोप. कोप देवीचा होतो, ग्रहांचा होतो. शेजारच्या काकूंचा कोप झाला असे कोणी म्हणत नाही, म्हटले तर चेष्टेत. अकिलीजचा कोप. या एका शब्दाने मला पहिला सर्ग उलगडला. हा माणूस रुसून तंबूत बसलेला नाही, त्याच्या रागाने साथ आल्यासारखी माणसे मरणार आहेत.

आता संस्कृतच्या बाईंचा विषय. बाई, तुम्ही समासाचा विग्रह करायला लावायचात आणि आम्ही मागच्या बाकांवरून ‘पीत आहे अंबर ज्याचे तो’ एका सुरात ओरडायचो. त्या वेळी वाटायचे, याचा जन्मात काय उपयोग? होमरमध्ये अकिलीज कायम ‘स्विफ्ट-फुटेड’ असतो. शीघ्र आहेत पाय ज्याचे तो : बहुव्रीही! हीरा देवी ‘व्हाइट-आर्म्ड’ आहे आणि कधी ‘ऑक्स-आइड’, म्हणजे गाईबैलांसारखे डोळे असलेली. इंग्रज वाचकाला हे विचित्र वाटते म्हणतात. मीनाक्षी आणि मृगनयना यांच्या वर्गात बसलेल्या मला काही वाटले नाही. अर्जुनाला पार्थ, धनंजय, गुडाकेश, भीमाला वृकोदर म्हणत आपण वाढलो, विशेषणांनी ओळखायची सवय आपल्याला आहेच.

ही विशेषणे पुन्हापुन्हा का येतात, त्याचाही शोध लागलेला आहे. मिल्मन पॅरी नावाचे अमेरिकन अभ्यासक १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियात गेले आणि तिथल्या निरक्षर गायकांची वीरगाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली. ते गायक गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर हजारो ओळी गात आणि तयार शब्दसमूह जोडत जागच्या जागी गाणे रचत. त्यांचे सहकारी अल्बर्ट लॉर्ड यांनी यावर १९६० मध्ये पुस्तक लिहिले. होमरचे काव्यही अशाच परंपरेतले, हा त्यांचा निष्कर्ष. वाचताना मला आपल्या जत्रेतले शाहीर आणि त्यांच्या मागचे तुणतुणे आठवले. पुढची ओळ जुळवायला वेळ मिळावा म्हणून ठरलेली ओळ म्हणायची, ही युक्ती त्यांनाही माहीत होती. शिकणाऱ्याला याचा मोठा फायदा असतो. इलियडच्या पंधरा हजार सहाशेवर ओळी आहेत, पण शब्द तेच तेच फिरून येतात. मी नियम केला : शब्द तीनदा भेटला तरच कोश उघडायचा. एकदाच भेटणाऱ्याला नमस्कार करून पुढे जायचे. दर ओळीला थांबणारा माणूस दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीत बुडतो, हे मी छातीठोकपणे सांगते. ती यादी खुशाल गाळा. होमर रागावणार नाही.

आता थोडे घरातले सांगते. सांगावे की नाही, यावर बरेच दिवस विचार केला.

तुमच्यापैकी गावातल्यांना माझा धाकटा भाऊ आठवत असेल. आपल्या मागे चार वर्षे होता. मालवाहू जहाजावर नोकरीला होता आणि २००३ मध्ये परदेशातल्या बंदरात अपघातात गेला. देह यायला नऊ दिवस लागले. तो आणायला आमचे आप्पा मुंबईला गेले. आम्ही कोणी सोबत येतो म्हटले तर नको म्हणाले. आणून सगळे केले, आणि त्या प्रवासाबद्दल पुढे एक शब्द बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही. घरात एक दार बंद असते तसे ते झाले होते.

आप्पा आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांनी दिसत नाही फारसे, कान ठीक आहेत. संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवते. इलियड हातात असले की तेच, तोंडी मराठी करत. त्यांना लढाया आवडत. कोणी कोणाला कुठे भाला मारला हे नीट विचारून घेत. ‘बरगडीत की खाली?’ त्यामुळे शरीराच्या भागांचे शब्दही मला पाठ करावे लागले.

चोविसावा, शेवटचा सर्ग आला तेव्हा मी दोन दिवस टाळाटाळ केली. त्यात काय आहे ते सांगते. अकिलीजने ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याला मारले आहे, आणि त्याचा देह आपल्या छावणीत ठेवला आहे. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री शत्रूच्या छावणीत जातो, ज्या हातांनी मुलाला मारले त्या हातांचे चुंबन घेतो आणि देह मागतो. सोबत सोने, वस्त्रे, भांडी आणलेली असतात. या देण्याला इंग्रजीत ‘रॅन्सम’ म्हणतात.

आणि या शब्दापाशी मी अडले. कोशात अर्थ दिला आहे खंडणी. पण खंडणी म्हटले की आपल्याला गुंड दिसतो, नाहीतर मांडलिक राजा दिसतो. मुक्तिधन म्हणून एक शब्द आहे, तो कोणी बोलत नाही. आप्पांसमोर ‘मुक्तिधन’ म्हटले असते तर त्यांनी ‘म्हणजे काय गं?’ विचारले असते आणि सगळेच गेले असते. मी शब्दाचे मूळ शोधले. रॅन्सम आणि ‘रिडेम्प्शन’ हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून निघालेले, अर्थ परत विकत घेणे, सोडवून घेणे. आणि आपण बोलतोच की, गहाण सोडवले, दागिना सोडवून आणला. मी वहीत लिहिले : रॅन्सम, सोडवणूक. संध्याकाळी वाचताना म्हटले, ‘आप्पा, मग तो म्हातारा राजा पोराला सोडवून आणायला निघाला.’

आप्पा काही बोलले नाहीत. मी पुढे गेले. प्रायम रथात बसतो, पुढे खेचरांची गाडी, तीत सगळे सामान. आप्पांनी मध्येच विचारले, ‘त्याच्यासोबत कोण होतं?’

मी म्हटले, ‘एक म्हातारा दूत होता, गाडी हाकायला. आणि वाटेत हर्मीस देव माणसाच्या रूपात भेटला, त्याने वाट दाखवली.’

‘चांगलं झालं,’ आप्पा म्हणाले. ‘मी एकटाच होतो.’

मग ते बोलत राहिले. कोणत्या गाडीने गेले, कोणत्या खिडकीवर उभे राहिले, कुठे कुठे सह्या केल्या. एका अनोळखी हमालाने त्यांना चहा पाजला होता. त्याचे नाव विचारायचे राहून गेले, हे त्यांनी दोनदा सांगितले. बावीस वर्षांनी. मी पुस्तक मांडीवर उलटे ठेवून ऐकत होते. आई दारात येऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, ‘पुढे त्याला देह दिला का?’ दिला. देताना अकिलीज दासींना सांगतो की देह बाजूला नेऊन धुवा, तेल लावा, बापाला आधी दिसू देऊ नका. आणलेल्या वस्त्रांतली काही देहावर घालायला बाजूला ठेवतो. मग दोघे एकत्र जेवतात. अंत्यविधीसाठी किती दिवस हवेत, तेवढे दिवस लढाई थांबवतो, असेही अकिलीज विचारतो. प्रायम अकरा दिवस मागतो आणि ते मिळतात. आप्पा म्हणाले, ‘धुऊन दिला हे बरं केलं.’ एवढेच. त्यावर मला वहीत काही लिहावेसे वाटले नाही.

सध्या मी ‘बेओवुल्फ’ला हात घातला आहे. जुन्या इंग्रजीतले हे काव्य, ३१८२ ओळींचे. त्याची एकच हस्तलिखित प्रत जगात उरली. १७३१ मध्ये लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाऊसला आग लागली तेव्हा तिच्या कडा करपल्या. आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. मूळ वाचण्याची माझी ताकद नाही. शेमस हीनी या आयरिश कवीचे १९९९ चे भाषांतर वाचते. बाई, इथेही समास! समुद्राला ‘व्हेल-रोड’, व्हेल माशाची वाट. देहाला ‘बोन-हाउस’, हाडांचे घर. बोलण्याच्या भांडाराला ‘वर्ड-होर्ड’. पंकज आणि खग यांचा विग्रह केलेल्याला हे सांगावे लागत नाही. हीनींनी एके ठिकाणी ‘थोल’ हा शब्द वापरला आहे, सोसणे या अर्थाचा. तो जुन्या इंग्रजीतला, आणि त्यांच्या लहानपणी घरातल्या बायकांच्या तोंडी होता. विद्यापीठात शिकलेला प्राचीन शब्द आपल्या चुलत्या-मावश्यांचाच निघाला, याचे त्यांना केवढे वाटले ते त्यांनी प्रस्तावनेत लिहिले आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरीतला एखादा शब्द आजीच्या तोंडी सापडतो, तसेच.

एका शब्दाचे काम मात्र अडले आहे आणि ते मी या सभेवर सोपवते. ‘बॅरो’. हातगाडी नव्हे. वीराच्या अस्थींवर रचलेला मातीचा उंच ढिगारा, लांबून दिसावा असा. हेक्टरवरही असाच ढिगारा रचतात, आणि बेओवुल्फचा शेवटही त्यावरच होतो, समुद्रावरून जाणाऱ्या खलाशांना दिसावा म्हणून. समाधी म्हटले की संत आठवतो, थडगे म्हटले की दगड आठवतो. ‘वीरगळ’ मनात येतो, पण तो उभा कोरीव दगड, ढिगारा नाही. शाळेमागच्या मारुतीजवळ शेंदूर फासलेले दोन वीरगळ होते, त्यांवर आपण मधल्या सुट्टीत डबे ठेवायचो. आहेत का अजून? गावात राहणाऱ्यांनी जेवणाच्या वेळी मला सांगावे. आणि मातीच्या अशा ढिगाऱ्याला तुमच्या भागात काही वेगळा शब्द असेल तर तोही. वही पर्समध्ये आहे, पेन सरांकडून घेईन.